पन्नासची गळती एक्कावन्नच्या माथी

लिनक्स कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं काम शिकायचं तर पुणं नाहीतर बेंगळुरू गाठावं लागतं, असं नाशिकला सातपूरच्या नोकरीत मला सगळ्यांनी सांगितलं होतं. नाही लागत. नाशिकच्याच इंदिरानगरच्या घरातला ८ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप, त्यात क्यूएमू या सॉफ्टवेअरवर चालणारी एक व्हर्च्युअल मशीन (संगणकातला खोटा संगणक) आणि तिला जोडलेल्या दोन रिकाम्या डिस्क, एवढ्यावर माझं पहिलं वर्ष निघालं. यूपीएस मात्र घ्याच. रात्रभराची चाचणी पहाटे चारला लाईट गेल्यामुळे वाया गेली की दिवसभर कोणाशी धड बोलवत नाही.

सुरुवात कोड लिहिण्यापासून करू नका, चाचण्या चालवण्यापासून करा. एक्सएफएसटेस्ट्स हा चाचण्यांचा संच मुळात एसजीआय कंपनीत एक्सएफएस या फाइलसिस्टिमसाठी (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारा कोड) तयार झाला. आता एक्स्ट४, बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवाले सगळेच तो वापरतात. एक डिस्क टेस्टसाठी, दुसरी स्क्रॅचसाठी. स्क्रॅचवरचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे घरच्या फोटोंची डिस्क तिथे लावू नका. आधी 'क्विक' गट चालवा, तो बिनबोभाट पार पडला की 'ऑटो'.

आता गळती (लीक), म्हणजे घेतलेली मेमरी परत न करणं. साधा प्रोग्रॅम बंद झाला की त्याची मेमरी सिस्टिमला परत मिळते. कर्नल मशीन बंद होईपर्यंत चालूच असतो, त्यामुळे त्याने विसरलेले ६४ बाइट रीबूटपर्यंत अडकून राहतात. नवी मुलं मोकळी मेमरी घटताना पाहून लगेच 'लीक, लीक' म्हणतात. बहुतेक वेळा तो पेज कॅशे (डिस्कवरच्या मजकुराची मेमरीतली प्रत) असतो, गरज पडली की कर्नल तो सोडून देतो. खरी गळती शोधायला केमेमलीक आहे. कॅटालिन मरिनास यांनी लिहिलेलं हे साधन २००९ मध्ये २.६.३१ आवृत्तीत कर्नलमध्ये आलं. ते प्रत्येक वाटपाची नोंद ठेवतं, मग मेमरी चाळून बघतं की या तुकड्याचा पत्ता कुठेतरी कोणाकडे आहे का. कोणाकडेच नसेल तर तुकडा संशयित. कर्नल बांधताना हा पर्याय चालू करा, चाचणीसंचाच्या कॉन्फिग फाइलमध्येही करा, म्हणजे प्रत्येक चाचणीनंतर स्कॅन होतो आणि काही सापडलं तर निकालाच्या फोल्डरात त्या चाचणीच्या नावाने अहवाल पडतो. मशीन बरीच मंदावते, त्याला इलाज नाही.

त्या 'चाचणीच्या नावाने'मुळेच माझे अकरा दिवस गेले.

एक्स्ट४ च्या माउंट करण्याच्या (डिस्क वापरासाठी जोडण्याच्या) कोडमध्ये मी शिकण्यासाठी एक छोटी भर घातली होती: माउंट होताना ६४ बाइटची एक रचना घ्यायची, अनमाउंट होताना सोडायची. सकाळी पाहतो तर जेनेरिक ०५१ या चाचणीच्या नावावर गळती. ही चाचणी फाइलसिस्टिमवर भरपूर कामं सुरू करते, मध्येच ती बंद पाडते आणि लॉगवरून सगळं नीट सावरतंय का ते बघते. झालं, मी जर्नल रिकव्हरीचा, म्हणजे या लॉगवरून सावरण्याचा कोड वाचत बसलो. अहवालातल्या बॅकट्रेसमध्ये (मेमरी कोणत्या फंक्शनांमधून घेतली त्याची साखळी) माझंच फंक्शन होतं, पण पुट-सुपर या अनमाउंटच्या फंक्शनमध्ये मेमरी सोडणारी ओळ मला स्वच्छ दिसत होती. मग पॉइंटर कोणीतरी पुसला असणार! नुसती ०५१ चालवली तर गळती नाही. नुसती ०५० चालवली तरी नाही. दोन्ही एकामागून एक चालवल्या की हजर.

उलगडा असा. केमेमलीक पाच सेकंदांपेक्षा कमी वयाचा तुकडा अहवालात घेत नाही, कारण इतक्यात त्याचा पत्ता एखाद्या रजिस्टरमध्येच असू शकतो. ०५० माझ्याकडे दोन-तीन सेकंदांत संपत होती. ती रीड-ओन्ली डिस्कवर, रिकव्हरी बाकी असलेली फाइलसिस्टिम माउंट करून बघते आणि ते माउंट फसणंच अपेक्षित असतं. तुकडा तिथे हरवला, पण स्कॅनच्या वेळी तो कोवळा होता. ०५१ संपेपर्यंत तो जुना झाला आणि नाव तिचं लागलं. ०५० एकटी चालवून, मिनिटभर थांबून हाताने स्कॅन केला असता तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

आणि पुट-सुपर? माउंट अर्ध्यात फसलं, सुपरब्लॉकचं (फाइलसिस्टिमच्या मुख्य नोंदीचं) रूट, म्हणजे मूळ फोल्डर, बसलंच नाही, तर कर्नल पुट-सुपर बोलावतच नाही. फसलेल्या माउंटने आपला पसारा स्वतः आवरायचा असतो. चूक माझ्याच एका गोटू लेबलात (फसल्यावर कोड जिथे उडी मारतो त्या जागेत) होती.

लाज याची वाटते की सातपूरला मी वर्षभर इन्स्पेक्शनमध्ये होतो. रिजेक्टच्या टॅगवर माल कुठे पकडला ते लिहिलेलं असतं, कुठे बिघडला ते नाही, हे मला पाठ होतं. शिवाय अहवालाच्या माथ्यावर संच स्वतःच सांगतो की गळती आधीच्या चाचणीतली असू शकते. ती ओळ मी रोज वाचत होतो!

म्हणून अहवाल कसा वाचायचा ते नीट सांगतो. बॅकट्रेस हा तुकड्याचा जन्मदाखला आहे: मेमरी कुठे घेतली ते कळतं, कुठे विसरली ते नाही. ते शोधायला त्या फंक्शनमधून बाहेर पडण्याच्या सगळ्या वाटा, विशेषतः काही फसल्यावरच्या वाटा, हाताने कागदावर काढा. मग अहवालातला जिफीजचा (कर्नलच्या घड्याळाच्या टिकटिकींचा) आकडा बघा. ६४ बिटांच्या, १००० हर्ट्झच्या कर्नलमध्ये जिफीज शून्यापासून नाही तर ४२९४६६७२९६ पासून सुरू होतात (खालच्या ३२ बिटांचा काटा बूटनंतर पाचच मिनिटांत उलटावा आणि त्यातल्या चुका लवकर उघड्या पडाव्यात म्हणून). अहवालातल्या आकड्यातून हा वजा करून हजाराने भागलं की बूटनंतरचे सेकंद मिळतात. संच प्रत्येक चाचणीचं नाव कर्नल लॉगमध्ये लिहितो, त्या वेळेशी ताडून पाहा. माझा तुकडा ०५० च्या वेळेत बसत होता. हिशेब दोन मिनिटांचा.

केमेमलीक थेट घेतलेली पानं मोजत नाही, फक्त स्लॅब (ठराविक मापाच्या छोट्या तुकड्यांचा साठा), व्हीमॅलॉक (मोठ्या तुकड्यांसाठीचं) वगैरे वाटपं बघतं. तुमच्या फाइलसिस्टिमचा स्वतःचा स्लॅब कॅशे असेल तर रात्रीच्या फेरीनंतर सगळं अनमाउंट करून मॉड्यूल काढून बघा. काही तुकडे उरले असतील तर कॅशे मोडताना कर्नल लॉगमध्ये बोंब मारतो. माझ्या स्क्रिप्टमध्ये हे शेवटचं पाऊल आहे, आणि त्याआधी दहा सेकंदांचा स्लीप.