विमा नाही आणि आजार मोठा? धर्मादाय खाट अशी मिळवा

कॅन्सर किंवा हृदयाच्या झडपेच्या आजाराचं निदान झालं की घरात पहिला हिशेब दागिन्यांचा सुरू होतो. तो जरा थांबवा. लीलावती, जसलोक, हिंदुजा ही नावं ऐकून आपण तिकडे फिरकतही नाही, पण कागदोपत्री ही धर्मादाय रुग्णालयं आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल.

आधी कागद. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, तपासण्यांचे रिपोर्ट. दाखल्याला वेळ लागतो, म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट यायची वाट न बघता सेतू केंद्रात अर्ज टाका.

मग धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर कुठल्या रुग्णालयात किती खाटा रिकाम्या आहेत ते बघा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

रुग्णालयात गेल्यावर बिलिंगच्या खिडकीशी वाद घालू नका. मेडिकल सोशल वर्कर कुठे बसतात ते विचारा आणि स्पष्ट सांगा, ‘निर्धन रुग्ण योजनेतून दाखल करायचंय.’ हे पहिल्याच दिवशी. सगळी गंमत इथेच आहे: बहुतेक जण डिस्चार्जच्या वेळी, बिल हातात पडल्यावर हात जोडतात, आणि तोवर पेशंट जनरल बिलिंगमध्ये गेलेला असतो. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. ‘खाट नाही’ म्हणाले तर तसं लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळदा खाट सापडते! नाहीच सापडली, तर ती पोच आणि तो फोटो घेऊन जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा. रुग्ण अत्यवस्थ असेल तर डिपॉझिट न मागता आधी दाखल करून घेणं रुग्णालयावर बंधनकारक आहे.

सोबत सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रालाही, म्हणजे रुग्णालयातल्या त्या योजनेच्या मदतनिसालाही भेटा. त्यात कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, पण रुग्णालय योजनेत हवं आणि तुमची शस्त्रक्रिया यादीत हवी. तरीही तूट उरली तर मुख्यमंत्री सहायता निधी आणि सिद्धिविनायक न्यास आहेत. तिथे रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, ते सोशल वर्करकडूनच मिळवा.

एक खर्च कुणी आधी सांगत नाही, तो म्हणजे राहण्याचा. टाटा रुग्णालयात केमो महिनोन्‌महिने चालते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या रुग्णांची सोय करतात. जागेसाठी रांग असते, तेव्हा केसपेपर निघाला की त्याच दिवशी रुग्णालयाचं पत्र घेऊन नाव नोंदवा.