हब मोटर जागच्या जागी थरथरते, फिरत नाही: माझा अनुभव

जुन्या सायकलला 36 व्होल्टचं ब्रशलेस हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसणारी मोटर) किट बसवलं. थ्रॉटल दिला की मोटर नुसती घुरघुरायची. पायडल मारून वेग दिला की मात्र धावायची. बॅटरी पूर्ण चार्ज केली, थ्रॉटल बदलला, मोटरकडे जाणाऱ्या तीन जाड वायरींची अदलाबदल करून पाहिली. जीव मेटाकुटीला आला.

मोटर कुठल्या स्थितीत आहे हे हॉल सेन्सर कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला, कळवतात. दोष या सेन्सरच्या पाच बारीक वायरींच्या कनेक्टरमध्ये निघाला. चाक अधांतरी ठेवा, कनेक्टर जोडलेलाच राहू द्या, बॅटरी चालू करा. मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर. कनेक्टरच्या कंट्रोलरकडच्या बाजूने, मागून, मीटरचं काळं टोक काळ्या वायरीला आणि लाल टोक लाल वायरीला लावा: साधारण 5 व्होल्ट हवेत. टोकं एकमेकांना टेकू देऊ नका, कंट्रोलर जळू शकतो. मग लाल टोक पिवळ्या, हिरव्या, निळ्या वायरीला एकेक करून लावा आणि चाक हाताने अगदी हळू फिरवा. मोटर गिअरवाली असेल तर उलटं फिरवा. सुलटं फिरवलं तर आतली मोटर फिरतच नाही. प्रत्येक वायरीवर आकडा 0 आणि 5 च्या आसपास आलटून पालटून दिसायला हवा.

माझी हिरवी 5 वरच अडकलेली होती, कारण कनेक्टरमधली तिची पिन मागे सरकली होती. बॅटरी काढली, पिनेची बारीक जीभ सुईने उचलली आणि टक आवाज येईपर्यंत पिन पुढे ढकलली. आता मोटर थांबलेल्या अवस्थेतूनही एकसारखी उचलते.