फोन बदलायचा की नुसती बॅटरी?

दुपारीच चार्जर शोधावा लागतो म्हणून लगेच नवा फोन घेऊ नका. सेटिंग्जमध्ये बॅटरीची क्षमता दिसत असेल तर आधी ती पाहा. मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली असेल, तर दुखणं बहुधा बॅटरीचंच. लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजतेच. ती बदलली की तोच फोन पुन्हा तग धरतो. आकडा चांगला असूनही चार्जिंग भराभर उतरतंय? मग एखादं अ‍ॅप गुपचूप चालू असेल, तेही तिथेच दिसेल. मात्र सुरक्षा अपडेट येणं थांबलं असेल तर बॅटरीवर पैसे घालू नका. अशा फोनवरून बँकेचे व्यवहार करायला मी तरी धजावत नाही. आणि फोनची पाठ फुगलेली दिसली, तर चार्जिंग ताबडतोब बंद करा.