पाचनईच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर पळायला येताय?

माझं गाव पाचनई, अकोले तालुका. लहानपणी ढोरांमागं ही वाट इतकी तुडवलीय की डोळे मिटून सांगेन पुढचा दगड हलतो की नाही. आता पुणे, मुंबई, नाशिकची माणसं गडावर पळायला येतात, मी त्यांच्या पुढं पळतो आणि त्याचे पैसे मिळतात. आमच्या म्हाताऱ्याला अजून हे पटलेलं नाही.

आधी एक सांगतो. तुम्ही रस्त्यावर १० किलोमीटर किती मिनिटांत पळता ते मला सांगू नका. उतार किती उतरलात ते सांगा. गड १४०० मीटरच्या वर आहे, आणि चढताना फार तर दम लागतो. पडायचं ते उतरताना. पुण्यात असाल तर यायच्या आधी महिनाभर, आठवड्यातून एकदा सिंहगड चढा. चालत चढलात तरी चालेल, उतरताना मात्र हळूहळू पळायला शिका. मांड्या त्यानं तयार होतात.

यायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात धबधबे बघायला या, चालत या. कातळावर शेवाळ असतं तेव्हा मी कुणाला पळवत नाही, जास्त पैसे दिले तरी नाही. मार्चनंतर ऊन लागतं आणि वाळलेल्या मुरमावर पाय ठरत नाही.

बुटाच्या तळाला खोल खाचा हव्यात. नवा कोरा बूट घालून येऊ नका. आदल्या दिवशी पायाची नखं कापा. हसू नका. उतरताना बोटं बुटाच्या टोकाला आपटतात आणि घरी जाईस्तोवर नख काळं पडतं. पाणी दीड लिटर, मीठ-साखर-लिंबू घातलेलं असेल तर उत्तम. खिशात गूळ-शेंगदाणे. पळताना ताकदीसाठी चोखतात ती महागाची जेलची पाकिटं आणलीत तर रिकामी पाकिटं परत दाखवायची, मी मोजतो. हे अभयारण्य आहे. वनखात्याची पावती फाडल्यावर ती जपून ठेवा.

आपण उजाडता उजाडता निघतो. गावाबाहेर पडल्यावर चढ लागतो, तिथं चाला. हात गुडघ्यांवर टेकवून चाललात तरी कमीपणा नाही. शेजाऱ्याशी सलग एक वाक्य बोलता येईना झालं, की वेग जास्त झाला असं समजा. चालणारा माणूस गडावरच्या देवळापर्यंत दोन तास घेतो, तयारीचा गडी सव्वा तासात पोचतो.

मग कड्याच्या पोटातून आडवी वाट येते. डोक्यावर कातळ पुढं आलेला, एका बाजूला दरी. इथं दोघांत दहा पावलांचं अंतर ठेवा आणि समोरून कुणी आलं तर तुम्ही डोंगराच्या बाजूला थांबा. ढोरं आली तरी तसंच. दरीच्या बाजूला उभं राहिलात आणि म्हशीनं मान हलवली, तर पुढचं मला बोलायला लावू नका. पायाखालून दगड सुटला तर 'दगड!' म्हणून ओरडा, लाजू नका. घड्याळातल्या नकाशावर इथं विसंबू नका. गेल्या हिवाळ्यात एका साहेबांचं घड्याळ सांगत होतं की आम्ही कड्याच्या आतून पळतोय. कातळाखाली त्याला आभाळच दिसत नाही, ते तरी काय करणार?

वर पठारावर मोकळं वाटतं आणि माणसं सुटतात. चुकतात ती तिथंच. ढोरवाटा अगदी खऱ्या वाटेसारख्या दिसतात, दोनशे पावलं छान जातात आणि कारवीत संपतात. एकजण असाच पुढं पळाला. त्याला शोधण्यात तास गेला, आणि सापडल्यावर तोच मला विचारतो, 'तुम्ही कुठं होता?' तेव्हापासून नियम केलाय. फाटा आला की थांबायचं, शेवटचा माणूस येईपर्यंत.

देवळापाशी श्वास खाली येऊ द्या, केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात पाय घालून बघा, सगळा शीण जातो. तिथून कोकणकड्याला जाऊ. कड्याच्या काठापासून पन्नास पावलं आधीच पळणं बंद. बघायचं तर पोटावर झोपून. कड्याला आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर लावून येऊ नका आणि बिडी-सिगारेट खिशातच राहू द्या.

आता उतार. हा मी कुठल्या पुस्तकातून शिकवत नाही. डोक्यावर हंडा किंवा सरपणाची मोळी घेऊन उतरणारी आमच्याकडची बाई बघा. पाऊल लहान, भराभर, गुडघा कायम थोडा वाकलेला. ती टाच मारून थांबत नाही, कारण टाच मारली की मुरूम सरकतो आणि हंडा गेला. तुम्हीही तेच करा. अंग मागं रेलू नका. भीतीनं सगळे मागं रेलतात आणि बरोबर बुडावर बसतात. नजर पायापाशी नको, तीन-चार पावलं पुढं. हात मोकळे. घसाऱ्यावर थोडं तिरकं उतरा. काळपट ओला कातळ दिसला तर अख्खा तळवा टेकवून चाला. जंगलात पाचोळ्याचा ढीग दिसला तर त्यात पाय घालू नका, खाली खड्डा असतो, मुळं असतात, कधी फुरसंही असतं, म्हणजे विषारी साप. फुरसं चावलंच तर पळायचं नाही, कापायचं नाही, पाय आवळून बांधायचा नाही. माणसाला उचलून खाली आणायचं आणि गाडीनं थेट दवाखान्यात. म्हणून तुमची गाडी आणि ड्रायव्हर गावातच थांबले पाहिजेत.

घोटा मुरगळला तर लगेच सांगा. 'काही नाही, काही नाही' म्हणत पुढं पळालेला माणूस मला तासाभरानं पाठीवर घ्यावा लागतो, आणि शहरातली माणसं दिसतात त्यापेक्षा जड असतात.

जेवण आमच्याकडे. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. आकडा आदल्या रात्री कळवा, कारण भाकऱ्या पहाटे होतात. आणि स्वतःला दोन भाकऱ्या सांगणाऱ्यांच्या नावावर घरची चार धरते. आजवर एकही उरलेली नाही.