पहाट पैलवानाची, रात्र कट्ट्यावरची : सकाळच्या व्यायामात या चुका टाळा

कोल्हापुरात पहाटे उठायचं म्हटलं की आधी तालीम आठवते. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, कुठलीही घ्या. गाव साखरझोपेत असताना आत जोर-बैठकांचा घाम गळत असतो. शाहू महाराजांनी या शहराला कुस्तीचा नाद लावला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, आणि तेव्हापासून इथल्या बापांच्या तोंडी एक वाक्य बसलंय : "पैलवान चारला उठत्यात, आणि तुला सात वाजलं तरी जाग न्हाई."

हे वाक्य खरं आहे, पण अर्धंच. तालमीतलं पोरगं चारला उठतं कारण नवाच्या सुमाराला ते आडवं झालेलं असतं. सकाळची मेहनत आणि खुराक झाला की दुपारी ते पुन्हा झोपतं, आणि ती झोप वस्तादाच्या लेखी मेहनतीइतकीच सक्तीची असते. आपण यातला फक्त गजर उचलतो. रात्र मात्र आपलीच ठेवतो : साडेदहाला जेवण, मग कट्ट्यावर गप्पा, मग अंथरुणात मोबाईल. पहाटेचा व्यायाम सुटण्याची बहुतेक कारणं या उसनवारीत सापडतात.

गजर पाचचा, झोप बाराची

प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. पाच तासांत भागवणारे 'आपल्याला सवय आहे' म्हणतात आणि दुपारी दुकानाच्या गल्ल्यावर पेंगतात. हिशेब उलटा मांडा. पाचला उठायचं तर दहाला झोप लागलेली हवी, म्हणजे पावणेदहाला अंथरुणावर, म्हणजे साडेसात-आठला ताट. हे जमणार नसेल तर पाचचा हट्ट सोडा आणि सहाला उठा. सहा वाजताही रंकाळा तलाव तिथंच असतो.

मोठी चूक म्हणजे एका रात्रीत दोन तास मागे यायचा प्रयत्न. शरीराचं घड्याळ असं ढकलता येत नाही. आज सातला उठणारा माणूस उद्या पाचला उठला तर तो शरीराच्या दृष्टीनं मध्यरात्रीच उठतो. जागं व्हायच्या नेहमीच्या वेळेआधी साधारण दोन तास शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याला बूट घालायला सांगतो. तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं, या चालीनं मागे या. सुरुवात उठण्यापासून करा. लवकर झोपायचा प्रयत्न करून झोप येत नाही, माणूस नुसता कूस बदलत राहतो. उठण्याची वेळ पक्की ठेवली की चार-सहा दिवसांत रात्री डोळे आपोआप जड होतात.

संध्याकाळचा चहा कुणी मोजत नाही. चहा-कॉफीतल्या कॅफिनपैकी निम्मं साधारण पाच तासांनंतरही अंगात असतं. सहाला घेतलेल्या चहाचा अर्धा कप अकरा वाजता तुमच्यासोबत अंथरुणात येतो असं समजा. दुपारी तीननंतर चहा बंद करून आठवडाभर बघा, बाकी काही न बदलता फरक दिसेल.

आणि मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा झालेल्या रात्रीचं काय? माझं मत सरळ आहे : ज्या रात्री पंगत अकराला उठली, त्या पहाटेचा गजर लावूच नका. भरल्या पोटानं चार तास झोपून पळायला जाण्यापेक्षा झोप पुरी करा आणि संध्याकाळी चाला.

एक जानेवारीचा मुहूर्त

संकल्पाला ही तारीख सगळ्यात वाईट. जानेवारीत कोल्हापुरात सूर्य सातनंतर उगवतो. पाचला उठलात तर दोन तास काळोख आणि वर थंडी. मेंदूला 'सकाळ झाली' हे मुख्यतः डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावरून कळतं, आणि तो उजेडच नसतो. मार्चच्या उत्तरार्धात सूर्योदय साडेसहाच्या आसपास येतो, मेअखेरीस सहाच्या सुमाराला. म्हणून सवय लावायला गुढीपाडव्यापासूनचा उन्हाळा उत्तम : दर आठवड्याला उजेड थोडा लवकर येतो आणि तुम्हाला ओढून नेतो. जानेवारीतच सुरू करायचं असेल तर साडेसहाला उठा आणि चहाचा कप घेऊन आधी गच्चीत किंवा दारात उभे राहा.

फोन उशाशी

गजर बंद करून 'पाच मिनिटं' म्हणणारा माणूस आळशी असतोच असं नाही. जाग आल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटं मेंदू अर्धवट झोपेतच असतो आणि त्या अवस्थेत माणूस कुठलाही निर्णय चुकीचाच घेतो. म्हणून त्या वेळेला निर्णय शिल्लकच ठेवायचा नाही. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, बूट-मोजे दाराशी, कपडे खुर्चीवर, पाण्याचा तांब्या भरलेला. गजर बंद करायला उठावं लागलं की निम्मं काम झालं. घरात म्हातारी माणसं किंवा लहान मूल असेल तर मोठ्या आवाजाच्या गजरापेक्षा मनगटावर थरथरणारं घड्याळ बरं, नाहीतर तिसऱ्या दिवशी घरच्यांचाच विरोध सुरू होतो.

दुसरा प्रकार म्हणजे उठतो पण घराबाहेर पडत नाही. हा माणूस बहुधा पलंगावर बसून व्हॉट्सॲपवरचे सुप्रभात वाचत असतो. बूट घातल्याशिवाय फोन हातात घ्यायचा नाही, एवढा एक नियम पुरतो.

उठल्या उठल्या वाकणं

रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी आपली उंचीही किंचित जास्त भरते. फुगलेल्या चकतीवर पुढे वाकताना ताण जास्त येतो. उठून पाच मिनिटांत पायाचे अंगठे धरायला जाणारे किंवा जड वजन उचलणारे लोक कंबर धरून बसतात ते यामुळेही. पहिला अर्धा-पाऊण तास खोल वाकणं टाळा, चालून अंग मोकळं होऊ द्या.

इथं तालमीकडून घेण्यासारखी खरी गोष्ट आहे आणि ती कुणी घेत नाही. थेट लढत सुरू होत नाही. आधी खोऱ्यानं हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती उकरायची, ओढायची, सारखी करायची. पाहणाऱ्याला ती साफसफाई वाटते, पण खांदे, पाठ, मांड्या सगळं त्यात गरम होऊन जातं. तुमच्याकडे हौदा नाही, पण दहा मिनिटं सावकाश चालणं आहे, खांदे-घोटे फिरवणं आहे. सूर्यनमस्कार घालत असाल तर पहिले दोन-तीन अगदी संथ, गुडघे किंचित वाकवून.

पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारणारा वीर प्रत्येक गल्लीत असतो. न सरावलेल्या स्नायूंचं दुखणं लगेच येत नाही, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. तेव्हा जिना उतरता येत नाही आणि सगळा दोष पहाटेवर जातो. पहिले पंधरा दिवस व्यायाम इतका कमी ठेवा की थोडी लाज वाटावी. त्या दिवसांत कमवायची असते ती फक्त उठण्याची सवय.

रंकाळ्यावरची सभा

पदपथावर पाचजण ओळीत, रस्ता अडवून, महापालिकेपासून दिल्लीपर्यंत सगळं निकालात काढत चाललेले. मैत्रीसाठी उत्तम आहे, आणि सोबतीमुळे माणूस टिकतो हेही खरं. पण चालीकडे बघा. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका दम लागला तर तो मध्यम व्यायाम. पूर्ण भाषण देता येत असेल तर तो फेरफटका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. हा दुसरा भाग नुसतं चालणारे सगळे विसरतात. जोर-बैठकांच्या गावात तरी विसरू नये. जमिनीवर जमत नसतील तर भिंतीला हात टेकून जोर काढा, खुर्चीवरून उठा-बसा.

जाता जाता : कोल्हापुरी चप्पल घालून पळू नका. तिचा मान आहे तो लग्नात आणि मिरवणुकीत. सपाट, कडक तळव्यानं पळण्याचे हादरे टाच आणि गुडघ्यावर जातात.

अंधारातला रस्ता

शहराबाहेर राहणाऱ्यांसाठी ही चूक जिवावरची आहे. गळीत हंगामात पहाटे रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि कित्येकदा मागचा दिवाच नाही. काळं जॅकेट, कानात गाणी आणि वाहनांकडे पाठ, असं चालू नका. समोरून येणारं वाहन दिसेल अशा उजव्या कडेनं चाला, अंगात फिकट रंगाचा शर्ट, हातात छोटी बॅटरी, एक कान मोकळा. शक्य असेल तर रस्ता सोडून मैदान किंवा बाग धरा.

हिवाळ्यात आणखी एक अडचण. थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि बंबाचा, पेटवलेल्या कचऱ्याचा, शिवारातल्या पाचटाचा धूर तिच्यातच अडकतो. 'पहाटेची हवा शुद्ध' हे तेव्हा खरं असेलच असं नाही. दमा असलेल्यांनी ऊन पडून धुकं उठल्यावरच बाहेर पडावं.

साखर आणि रक्तदाबवाले

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी केलेल्या व्यायामात साखर एकदम खाली जाऊ शकते : हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी हवीच, आणि गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवा. हृदयविकाराचे झटके सकाळच्या तासांत तुलनेनं जास्त येतात, कारण जाग येताना रक्तदाब वाढतो. चाळिशी ओलांडलेल्या, बरीच वर्षं बसून काम केलेल्या माणसानं थेट पळायला सुरुवात करण्याआधी तपासणी करून घ्यावी. छातीत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप : यांपैकी काही झालं तर 'ही फेरी पुरी करतो' म्हणायचं नाही. थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

बाकीच्यांना अर्ध्या-पाऊण तासाच्या चालण्यासाठी आधी काही खायची गरज नसते. दणकून व्यायाम करणार असाल तर एखादं केळं. कोमट पाणी, मध, लिंबू आवडत असेल तर खुशाल घ्या, पण त्यानं चरबी वितळत नाही.

फेरीनंतरची मिसळ

अर्धा तास झपझप चालण्यात मध्यम वजनाच्या माणसाच्या सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात. मग चारजण मिळून मिसळ, ब्रेडच्या स्लाइस, 'कट वाढवा' आणि वर गोड चहा. जमेची बाजू खर्चाच्या कितीतरी पुढे जाते. मिसळ सोडा असं कोल्हापुरात लिहिण्याची माझी हिंमत नाही. आठवड्यातून एकदा, आणि ती व्यायामाचं बक्षीस न समजता नाष्टा म्हणून खा.

दुधाचा मामला जास्त गंभीर आहे. कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारं म्हशीचं फेसाळ दूध ही इथली शान. पण न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षयासारखे आजार येऊ शकतात, आणि जनावर दिसायला धडधाकट असलं तरी. दूध तिथूनच घ्या, घरी उकळा, मग प्या. आणि बदाम-तुपाचा खुराक हा सकाळ-संध्याकाळ मातीत घाम गाळणाऱ्यासाठी असतो. तीन फेऱ्या मारणाऱ्यानं तो घेतला तर पोटच वाढतं.

रविवार आणि जुलै

सोमवारी गजर जिवावर येतो त्याचं कारण रविवार. आठवडाभर साडेपाचला उठून रविवारी नऊला उठलं की शरीराचं घड्याळ पुन्हा पुढे सरकतं. रविवारी तासाभराची सूट घ्या, जास्त नको. झोप कमी पडली असेल तर दुपारी वीस-पंचवीस मिनिटं डुलकी काढा.

आणि जुलै-ऑगस्टचा बेत मेमध्येच ठरवा. आपल्याकडचा पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही, आणि बाहेर चालण्यावरच सगळं टांगलेलं असेल तर सवय तिथंच बुडते. घरातले सूर्यनमस्कार, जिन्याच्या चढ-उतार, दोरीउड्या. वेळ तीच, जागा वेगळी. एखादा दिवस सुटला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका.

पहाटच कशाला?

ज्या बाईचा दिवस पाचला नळाच्या पाण्यानं आणि दोन डब्यांनी सुरू होतो, तिला 'लवकर उठून व्यायाम कर' सांगणारा घरातला शहाणा आधी स्वतः उठून कणीक मळू दे. तिच्यासाठी डबे गेल्यावरचा साडेनऊचा अर्धा तास किंवा संध्याकाळ तितकीच चांगली. व्यायामाचा फायदा घड्याळ बघून कमी होत नाही.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्यांनीही पाचचा आकडा विसरावा. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर व्यायाम घड्याळाला न बांधता जाग येण्याला बांधा : उठल्यावर तासाभरात, मग ते सकाळी असो वा दुपारी तीनला. रात्रपाळी सुटल्यावर मात्र थेट मैदानावर जाऊ नका. उन्हाचा चष्मा लावून घरी या, खिडक्यांना जाड पडदे ओढा, झोपा, आणि बूट दुपारी घाला.