पोराचं वजन वाढत नाही? आधी मायचं ताट बघा

अंगणवाडीच्या काट्यावर वजन मागच्या महिन्याएवढंच निघालं की घरात लगेच विचारतात, याला कोणतं टॉनिक देऊ. टॉनिक राहू द्या. सहा महिन्याच्या आतलं पोर आहे ना, मग त्याचं सगळं खाणं आईच्या अंगातूनच येतंय, आणि ती माय पहाटे भाकरी थापून कापूस वेचायला जाते, रात्री सगळ्यांचं झाल्यावर टोपल्यात उरेल ते खाते. कमी खाल्लं तरी दूध बहुतेक जणींना येतं, पण ते तिचं अंग झिजवून येतं, ती थकते, शेतात पाजायला वेळ मिळत नाही, मग घरी वरचं दूध-पाणी सुरू होतं आणि पोराला हगवण लागते.

म्हणून पहिलं काम, तिचं रक्त तपासा. सरकारी दवाखान्यात फुकट होतं, दर महिन्याच्या 9 तारखेला तर गरोदर बायांची खास तपासणी असते. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी, 7 च्या खाली असेल तर घरी थांबायचंच नाही, थेट दवाखाना गाठा. रक्त कमी असलं की बाळ दिवस भरायच्या आधी किंवा अडीच किलोच्या आत जन्मायची भीती वाढते. नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा, शहादा भागातल्यांनी सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची तपासणी पण करून घ्या, तो निघाला तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

बाकीच्यांनी लोहाची गोळी रोज एक, पोटुशी असताना सहा महिने आणि बाळंत झाल्यावर परत सहा महिने. हे दुसरे सहा महिने जवळपास सगळ्या घरात विसरले जातात. मळमळलं तर रात्री जेवून घ्या, शी काळी झाली तर घाबरू नका, चहा आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळेला नको.

खाण्यासाठी बाजारातून महागाचं काही आणायला नको. कळण्याची भाकर, तुरीचं वरण, मेथी, शेवग्याचा पाला, मूठभर शेंगदाणे, जमेल तेव्हा अंडं, वर लिंबू पिळायचं. सासूबाईंना हात जोडून सांगते, बाळंतिणीची डाळ-भाजी बंद करू नका आणि तिचं ताट आधी वाढा, शेवटी नको. आदिवासी भागात अंगणवाडीत अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना गरम जेवण मिळतं, लाजू नका, जाऊन जेवा. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे 5000 रुपये आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर 6000 मिळतात, अर्ज भरायला आशाताईंना विचारा, आणि पैसे आले की त्यातले थोडे तरी तिच्या खाण्यावर जाऊ द्या.

ऊसतोडीला गुजरातकडे जाणार असाल तर माता-बाल कार्ड आणि गोळ्या पिशवीत आधी टाका, तिकडच्या दवाखान्यात कार्ड दाखवलं की पुढचं काम सोपं होतं.

आणि एक, बाळंतीण दोन आठवडे सारखी रडते, झोप नाही, बाळाला घ्यावंसं वाटत नाही, तर बाहेरचं लागलं म्हणून बसू नका. हा आजारच आहे आणि बरा होतो, तिचा नवरा काय करेल तर रात्री बाळ धरेल, तिला झोपू देईल आणि 14416 वर फोन लावेल, टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी सेवेचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. जीव द्यायचं बोलली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.