क्रॉनिक फटीग सिंड्रोममधून बरे झालो, हे कसे ठरवावे?

क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणजे विश्रांतीनेही न जाणारा आणि श्रमांनंतर वाढणारा दीर्घकाळचा थकवा. या आजारात बरे झाल्याची कसोटी आधी लिहून ठेवावी आणि पुढे ती सैल करू नये. या आजारावरचे उपचार रुग्णांवर तपासणाऱ्या ब्रिटनमधील पेस चाचणीत शारीरिक क्षमतेच्या 100 गुणांच्या मापावर 65 किंवा त्याहून कमी गुण असलेल्यांनाच प्रवेश होता. बरे झाल्याची मूळ मर्यादा 85 होती. 2013 साली निष्कर्ष प्रसिद्ध करताना मात्र ती 60 वर आणली गेली, आणि त्यामुळे एखादा रुग्ण प्रवेशाच्या दिवशीच या एका निकषापुरता बरा ठरू शकत होता. रुग्णांवर हा मोठा अन्याय होता, असे मला वाटते.

प्रथम आजारापूर्वीची दिनचर्या लिहावी. इंदूरच्या सुदामा नगरातील एखादी शिक्षिका पूर्ण वेळ शाळा, घरचा स्वयंपाक, राजवाड्यावरची खरेदी आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक) रात्री उशिरापर्यंत उभ्याने पाहणे, हे सारे करत असेल आणि आता अर्धवेळ नोकरी करून, दुपारी पडून राहून, झांक्या टाळून ‘काही त्रास नाही’ म्हणत असेल, तर तिने आजाराशी जुळवून घेतले आहे. ती बरी झालेली नाही.

खरे मोजमाप श्रमानंतरच्या दिवसांचे आहे. त्रास बहुधा 12 ते 48 तासांनी उफाळतो, म्हणून प्रत्येक कामापुढे त्याच संध्याकाळची, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाची स्थिती नोंदवावी. नोंद नेमकी हवी: ‘सोमवारी बँकेच्या रांगेत उभी होते, संध्याकाळी ठीक, मंगळवारी ठीक, बुधवारी केस विंचरताना हात वर राहिना, वर्तमानपत्रातली एकच ओळ दोनदा वाचावी लागली.’ नुसते ‘थकवा जास्त’ लिहिल्याने पुढे तुलना करता येत नाही. झोपेतून उठल्यावर ताजेतवाने वाटते का, हेही रोज लिहावे. परीक्षा म्हणून मुद्दाम अंगाबाहेरचे श्रम मात्र करू नयेत. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2021 च्या मार्गदर्शनात ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये, असे सांगितले आहे.

उभे राहिल्यावर गरगरत असेल, तर कोणीतरी जवळ असताना आधी आडवे पडून आणि मग 10 मिनिटे उभे राहून नाडी मोजावी. प्रौढ व्यक्तीत ती मिनिटाला 30 किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर डॉक्टरांना सांगावे. चक्कर वाढल्यास लगेच बसावे.

चढउतार हा या आजाराचा स्वभावच असल्याने एका चांगल्या महिन्यावरून निर्णय घेऊ नये. निदानासाठी अनेक निकषांत सहा महिने धरले जातात, तेवढा काळ तरी बरे होण्यालाही द्यावा, आणि त्यात इंदूरचा मे महिना किंवा सणांची धावपळ आलेली असावी, असे माझे मत आहे. अनेक अभ्यासांच्या 2005 च्या एका आढाव्यात पूर्ण बरे होण्याचे मध्यक (म्हणजे मधले) प्रमाण 5 टक्के, तर सुधारणेचे सुमारे 40 टक्के आढळले होते. म्हणून सुधारणेची नोंद वेगळी ठेवावी, कारण तीही मोलाची असते. नवे लक्षण दिसले, तर ते याच आजाराच्या खाती न टाकता वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 यांची तपासणी पुन्हा हवी का, हे विचारावे.